ट्रॉलीचं डावं चाक

१२२४.

कापलेल्या भाताच्या खुंटांत स्टीलची ताटं पसरली होती. लांबून तळं वाटलं.

लग्न वेळेवर लागलं. जेवण पत्रावळीवर झालं.

ठराव क्रमांक नऊ. पावसाळ्यात ट्रॉलीची चाके काढून दोन वेगळ्या घरी ठेवावीत. दोन्ही चाके एकाच घरी ठेवू नयेत. सर्वानुमते मंजूर.

साठ हवा. एकोणसाठ नाही, एकसष्ट नाही.

पोलीस ठाण्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलंय: इथे गाडी लावू नये. त्याखाली सात गाड्या. सगळ्या अपघातातल्या.

अपघाताचे कारण: ______

*

त्या रिकाम्या रेघेपाशी हवालदार सारिका घरत चार दिवस अडली होती.

खरं तर अडण्यासारखं काही नव्हतं. गुरुवारी सकाळी शेणव्याच्या एका महिला बचत गटाची जीप मुरबाडकडे निघाली. मागं दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉलीत लग्नाची भांडी, शेगड्या, ताटं. गट ती भाड्यानं देतो. किन्हवलीच्या पुढं एका वळणावर ट्रॉलीचं डावं चाक फुटलं. ट्रॉली खाचरात उलटली, तिनं जीपला ओढलं, जीप सागाच्या झाडावर गेली. जीपमध्ये गटाची सकुबाई होती. तिचं कमरेचं हाड मोडलं. चालक जाणू मुकणे याला खरचटलं.

फौजदारसाहेबांनी शुक्रवारीच निकाल दिला होता. "टायर नवा. रस्ता चांगला. मग फुटला कसा? पोरगा सुसाट होता. लिही आणि मोकळी हो."

आज सोमवार. उद्या अकरा वाजता कागद कोर्टात जाणार होते. ते गेले की जाणूचं लायसन्स जाणार होतं, मागोमाग बहुधा तोही. त्याच्या पाड्यावर चार चाकांचं लायसन्स काढलेला तो पहिला माणूस. बाकीचे सगळे दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. तो या वर्षी गेला नव्हता.

सारिकानं लिहिलं. अपघाताचे कारण: चालकाचा निष्काळजीपणा.

"बाई, खोटंय ते."

खिडकीत एक म्हातारा उभा होता. डोक्याला मफलर, हातात वही. हा चौथा दिवस. रोज येत होता, रोज त्याला कुणीतरी 'नंतर या' म्हणत होतं. काल तर ते तिनंच म्हटलं होतं.

"तुम्ही कोण हो, काका?"

"कुंडलिक विशे. एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं टायर खात्यात होतो. ट्रॉलीला टायर कंचे घ्यायचे ते गटाला मीच सांगितलं. मला तो फुटलेला एकदा बघू द्या. पाच मिनटं. मग मीच सांगतो, कुंडलिक गाढव आहे म्हणून. तसंच लिहा."

सारिकानं पेन ठेवलं. वैताग आला होता, पण वैताग कुणाचा ते नीट कळत नव्हतं.

*

ट्रॉली ठाण्याच्या मागं, त्या सात गाड्यांच्या पलीकडं पडली होती. आता आठ.

कुंडलिक फुटलेल्या चाकापाशी उकिडवा बसला. थुंकी लावून टायरची बाजू पुसली. मग तीच जागा पुन्हा पुसली.

"काय?"

"हा नाय."

"काय नाय?"

"हा मी सांगितलेला टायर नाय. बाई, ऐका. ट्रॉलीला टायर घ्यायचे म्हंजे तीन रस्ते. एक, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. जाड दिसतो, बायकांना तोच आवडलेला. पण तो बैलाच्या चालीचा. जीपमागं पळवला का तापतो. दुसरा, कारचा. गुळगुळीत पळतो, पण बाजूनं मऊ. माणसं बसवायला केलेला, ओझं वाहायला नाय. तिसरा, छोट्या टेम्पोचा, आठ प्लायचा, म्हंजे आठ थरांचा. बाजू कडक, हवा जास्त घेतो, ओझं घेतो. मी तिसरा सांगितला. दोनी चाकांना सारखा."

"आणि हा?"

"हा कारचा. रिंग चौदाची, हा चौदाचा, म्हणून बसला. उंचीला बोटभर कमी. पण कोण मोजतोय?" त्यानं रबरावर उठवलेल्या इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवलं. "हे वाचा. ओझं पावणेपाचशे किलो. माझा टायर सातशेच्या वर घ्यायचा. आनि हे. हवा जास्तीत जास्त चव्वेचाळीस."

सारिकानं वाचलं. पलीकडं एका लंबगोल चौकटीत आणखी चार आकडे होते. १२२४.

"हे काय? किंमत?"

कुंडलिक पहिल्यांदाच हसला. "समदे तेच विचारतात. पैले दोन आकडे आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. दोन हजार चोवीस, बारावा आठवडा. म्हंजे मार्च महिना. तेव्हा हा कारखान्यात जन्मला."

"गटानं टायर कधी घेतले?"

"त्याच्या आदल्या दसऱ्याला. तेवीस साली. पावती गटाच्या वहीत हाय."

सारिका त्या आकड्यांकडं बघत राहिली. पाच महिन्यांनी जन्माला येणारा टायर कुणी आधीच विकत घेऊ शकत नाही.

ती उठली, दुसऱ्या बाजूला गेली. उजवं चाक धड होतं. कुंडलिकनं मान हलवली: हा माझाच, आठ प्लाय. सारिकानं रिंगेच्या आतल्या खाचेत हात घालून बघितलं. काय शोधत होती, तिलाही माहीत नव्हतं. बोटं काळी झाली. कोरडं काळं. तिनं ती खाकी पँटला पुसली आणि लगेच स्वतःला शिवी दिली, पँट कालच धुतली होती. डाव्या रिंगेत हात घातला तर नुसती लाल धूळ.

अपघाताचे कारण: ~चालकाचा निष्काळजीपणा~

*

"झकास," फौजदारसाहेब म्हणाले. "म्हणजे टायर बदलला. कुणी? ज्याच्या ताब्यात ट्रॉली तो. जाणूनं चांगला विकला, भलताच बसवला. सारिका, तू आता चोरीचं कलमही घालशील ना?"

तिला बोलायचं होतं. तोंडातून "सर" एवढंच निघालं.

चार दिवस काहीच केलं नाही तर एक कलम. अर्धा तास काम केलं तर दोन. तिनं दार जरा जोरातच ओढलं.

जाणू बाहेर बाकावर होता. जामिनावर सुटला होता, पण रोज हजेरी. शेजारी कुंडलिक.

"स्पीड किती होता?"

"पस्तीस. फार तं चाळीस."

"समोरून आलेल्या टेम्पोवाल्या दिपेशनं जबाब दिलाय. ऐंशी."

"मॅडम, ती जीप ऐंशीला गेली ना, तर मी तिला हार घालीन. पन्नासला तिचा दरवाजा उघडतो. माझ्या बाजूला सुतळी बांधलेली हाय, बघा जाऊन."

सुतळी होती. पंचनाम्यातही होती. कुणी तिचा अर्थ लावला नव्हता.

"हवा कधी भरलीस?"

"निघताना. पंपावर. दोनी चाकांत साठ."

"साठच का?"

"काकांनी सांगितलेलं. ट्रॉली भरली का साठ. कमी ठेवली तं टायर बसतो, तापतो. मी कवा चुकलो नाय."

कुंडलिकनं मफलर डोक्यावरून काढला. हातात पिळत बसला.

"काका?"

"चव्वेचाळीसच्या टायरमंदी साठ," तो म्हणाला. "वरनं भांडी. बाई, ह्यानं माझं ऐकलं नसतं तर कदाचित घरी गेला असता."

जाणूनं त्याच्याकडं बघितलं. "काका, मला ते इंग्रजी वाचता येत नाय. तुमचा आकडा येतो."

"टायर तू बदललास?" सारिकानं विचारलं.

"नाय."

"विकलास?"

"नाय."

"मग कुणी?"

"मला म्हाईत असतं तं चार दिवस हितं बाक गरम करीत बसलो असतो व्हय?"

*

वर्षा गटाची सचिव. घर सिमेंटचं, गुळगुळीत फरशीचं, ओटीवर झोपाळा. स्वयंपाकघरात गॅसच्या दोन शेगड्या. पलीकडं अंगणात तिच्या दिराचा, दिपेशचा, छोटा टेम्पो उभा. पहाटे भाजी घेऊन कल्याणला जातो, दुपारच्या आत परत.

दिपेशनंच खुर्ची आणली. अपघाताच्या जागी पहिला तोच पोचला होता. मुरबाडहून येत होता. सकुबाईला त्यानंच टेम्पोत गादीवर झोपवून शहापूरला दवाखान्यात नेलं. गावात त्याचं नाव चांगलं झालं होतं.

"ताई, चहा? बिनसाखरेचा?"

"नको. ऐंशीचा स्पीड कसा मोजलास?"

"अंदाज हो. मी समोरून येत होतो. आता अंदाज तं अंदाजच."

"लिहून दिलायस तू."

"सायबांनी विचारलं किती, मी म्हटलं ऐंशी असेल."

वर्षानं वही आणली. तिच्या अक्षरात सगळं स्वच्छ होतं. दसरा, दोन टायर, मुरबाडच्या हरेशच्या दुकानाची पावती डिंकानं चिकटवलेली. मग जूनचा ठराव.

"हे दोन घरांचं काय प्रकरण?"

"पावसात ट्रॉली चिखलात उभी राहिली का टायर कुजतो. म्हणून चाकं काढून ट्रॉली दगडांवर चढवतो. आनि चाकं दोन घरी. एकाच घरी ठेवली तर त्या घरचे ट्रॉली आपलीच समजतात. मागं ताडपत्रीचं तसंच झालेलं. दोन घरी असली का कुणी एकटा ट्रॉली हलवू शकत नाय." वर्षा जरा अभिमानानं म्हणाली. "ही माझी आयडिया."

वहीत लिहिलं होतं: डावे चाक, सरू जाणू मुकणे यांचे घरी. उजवे चाक, वर्षा यांचे घरी.

फुटलं डावं.

"मला वाईट वाटतं, ताई," वर्षा म्हणाली. "सरू चांगली बाई हाय. पन वहीत जे हाय ते हाय. टायर बदलल्याचं सायबांनी आज फोनवर विचारलं, तेव्हा मी तेच सांगितलं."

सारिकानं दोनदा वाचलं. अक्षर तिसऱ्यांदाही बदललं नाही.

अपघाताचे कारण: ~चालकाचा निष्काळजीपणा~ चालकाने टायर बदल

वाक्य तिनं तिथंच सोडलं. 'ला' लिहिवेना.

*

सरूचं घर पाड्याच्या टोकाला. कुडाचं, सारवलेलं. सारिका दारात वाकली तोवर आतून आवाज आला.

"आल्या का? झडती घ्या. दोन डबे हायत, एक कोंबडी. कोंबडीचा टायर काढा."

"सरू, मी भांडायला नाही आले."

"मग काय हळदीकुंकवाला आल्या? माझा माणूस चोर. मी चोराची बायको. वर्षावहिनी सकाळपासून माझ्याकडं बघत नाय. चार म्हयने ते चाक मी लेकरासारखं सांभाळलं, उंदीर लागू दिला नाय."

"कुठं ठेवलं होतंस?"

"वर."

सरूनं हात वर केला. सारिकानं वर बघितलं.

चूल खाली होती. चुलीच्या बरोबर वर आडवी लाकडं टाकून माळा केलेला. लाकडं काळी. कौलं काळी. माळ्यावरची बियाण्याची मडकी काळी.

"चुलीच्या वर? रबर?"

"उंचावर हाय, आच नाय लागत. धूर लागतो. धूर लागला का कीड नाय, वाळवी नाय. समदं आमी तिथंच ठेवतो. गुंडाळलं होतं गोणपाटात, पन धूर काय गोणपाटाचं ऐकतो?"

सारिका पाटावर चढली. आडव्या लाकडावरून बोट ओढलं. काळं. कोरडं काळं.

मग तिनं स्वतःच्या पँटकडं बघितलं. सकाळी पुसलेले चार डाग तसेच होते.

ती पाटावरून उतरली नाही. तशीच उभी राहिली.

"बाई, पडाल."

"सरू, चाकं परत बसवली तेव्हा तू होतीस?"

"नाय. मी वाफे खणत होते. ह्यांनी चाक पोचवलं आनि हे पन माझ्यासंगट आले. बसवायला सकुबाई उभी होती, आनि वहिनीचा दीर."

"दिपेश?"

"तोच. जॅक त्याचाच ना."

*

शहापूरच्या दवाखान्यात सकुबाई पायाला वजन लावून झोपली होती. कंटाळली होती. पोलीस बघून खूश झाली.

"बस गो बाय. इथं कोन बोलतच नाय. नर्स येते, टोचते, जाते."

"मावशी, दिवाळीआधी ट्रॉलीला चाकं बसवली. कोणतं कुठं बसवलं, आठवतं?"

"न आठवाया काय झालं? माझी कंबर मोडलीय, डोकं नाय. ट्रॉली कुठं होती? गोठ्याच्या भितीला लागून. डावा अंग भितीकडं, पेंढ्यात. जाणूनं डोक्यावरनं चाक आनला, पैला तोच आला. मोकळी बाजू कंची? उजवी. मग तो उजवीकडं बसवला. वर्षाकडचा चाक दिपेश मागनं घेऊन आला. मग टेम्पोला दोर लावून ट्रॉली भितीपासून ओढली आनि तो डावीकडं बसवला."

"वहीत डावं सरूकडं लिहिलंय."

"जूनमंदी लिवलंय ना? काढताना. घालताना कोन वही बघतं गो? चाक गोलच."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोन विचारायला आलं? तू पैली."

चार दिवस. सारिकानं खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला. पुन्हा तेच. कुणी विचारलं नाही. तिनंही नाही.

"काका कुठं होते तेव्हा? कुंडलिककाका?"

"उंबरमाळीला, लेकीकडं, पार गुरुवारपर्यंत. तो असता तं चार तास लेक्चर झालं असतं. म्हनून तर दिपेश म्हनाला, चला, म्हातारा यायच्या आत उरकू."

*

मुरबाडचा हरेश पहिल्यापासून चिडलेला होता. त्याच्या दुकानातून घेतलेला टायर फुटला, ही बातमी त्याच्या आधी बाजारात पोचली होती.

"मी आठ प्लाय दिला! तो एसटीवाला म्हातारा दोन तास दुकानात बसून वास घेत होता टायरचा. मी त्याला फसवीन?"

"सिद्ध करता येईल?"

"वॉरंटी कार्ड. प्रत्येक टायरला स्वतःचा नंबर असतो, माणसाच्या आधारसारखा. कार्डाची एक प्रत मी ठेवतो." त्यानं खोक्यातून कार्ड काढलं, टेबलावर आपटलं. "हे दोन नंबर. कुठल्या तरी गाडीखाली सापडतीलच, मॅडम. टायर काय हवेत विरतो?"

"छोट्या टेम्पोला हाच टायर लागतो?"

"हाच. तुम्हाला पण टायर कळायला लागले की काय?"

सारिकानं कार्डाचा फोटो काढला. एक नंबर ठाण्यातल्या उजव्या चाकावर असणार. कुंडलिकला फोन केला. तो पोलीस ठाण्याच्या मागं धुळीत गुडघ्यावर बसून वाचत गेला. शेवट ७७१३. जुळला.

राहिला शेवट ७७१४.

*

वर्षाच्या अंगणात पाच वाजता गटाची बैठक होती. विषय एकच: जाणूला काढणे.

बायका सतरंजीवर. जाणू आणि सरू कडेला, उभे. कुंडलिक पायरीवर. दिपेश टेम्पोच्या फाळक्याला टेकून.

"बैठक नंतर घ्या," सारिका म्हणाली. "आधी मला टेम्पोखाली जायचंय."

"ताई, कपडे खराब होतील," दिपेश म्हणाला.

"सकाळीच झालेत."

तिनं वर्षाच्या हातात कार्ड दिलं. "खालचा नंबर वाचा. मोठ्यानं. एकेक अंक." मग फोनचा उजेड लावून ती पाठीवर झोपली आणि टेम्पोखाली सरकली.

पुढचे दोन टायर वेगळ्या बनावटीचे. मागचा उजवा, झिजलेला. मागचा डावा, बाहेरून कोरा. नंबर नाही. तिनं मान वळवली. नंबर आतल्या बाजूला होता. टायर उलटा घातलेला.

"वाचा, वहिनी."

वर्षा वाचू लागली. सारिका खालून प्रत्येक अंकाला "हो" म्हणत होती. पाचव्या अंकाला वर्षाचा आवाज बारीक झाला. शेवटचे चार अंक तिनं वाचलेच नाहीत. कार्ड हातात धरून दिराकडं बघत राहिली.

"सात सात एक चार," टेम्पोखालून सारिका म्हणाली.

ती बाहेर आली. पाठीला माती. झटकली नाही.

"मी सांगते. चुकलं तर टोका. जूनमध्ये चाकं काढली. वहीप्रमाणे डावं सरूकडं, उजवं वर्षावहिनींकडं. गुरुवारी डावं फुटलं, म्हणून सगळ्यांनी सरूच्या घराकडं बोट दाखवलं. मीही. पण सरूकडचं चाक चार महिने चुलीच्या धुरात होतं. काजळी रिंगेच्या खाचेत अजून आहे. ती फुटलेल्या चाकात नाही. धड राहिलेल्या उजव्या चाकात आहे. ट्रॉली भिंतीला लागून होती, म्हणून सरूचं चाक उजवीकडं गेलं. सकुबाईनं बघितलंय. म्हणजे फुटलेलं चाक या घरातून आलं. इथं गॅस आहे. इथं धूर नाही."

सरूनं मान वर केली.

"त्या टायरवर जन्मतारीख आहे. मार्च चोवीस. दुकानातून टायर आले दसऱ्याला, तेवीस साली. म्हणजे दुकानदारानं फसवलं नाही. मार्चनंतर कधीतरी टायर बदलला. मार्च ते जून ट्रॉली रोज कुंडलिककाकांच्या डोळ्यांसमोर होती. चाकं परत बसवल्यावर बदलायचा तर ट्रॉली थांबवून चाक काढावं लागलं असतं, गावभर कळलं असतं. उरतात पावसाळ्याचे चार महिने. आणि हे अंगण." ती दिपेशकडं वळली. "तुझ्या टेम्पोचं आरटीओचं पासिंग कधी झालं?"

दिपेशनं टेम्पोच्या काचेकडं बघितलं.

"काचेला कागद चिकटवलाय. बावीस जुलै."

"पासिंगला समदेच घेतात," दिपेश एकदम म्हणाला. "एकमेकांचे टायर. पासिंगपुरते. मी पन दिलेत लोकांना. वहिनीला विचारून घेतला मी. विचारा!"

"दोन दिवसांसाठी म्हटला होतास," वर्षा म्हणाली. "आनि दिलास ना परत."

"वहिनी, त्यानं चाक परत दिलं. टायर नाही."

वर्षा मटकन खाली बसली. "काळा होता. नवा होता. मला काय कळणार?"

"मी जुना नाय दिला!" दिपेशचा आवाज चिरकला. "कसाऱ्याच्या घाटात कार ठोकलेली, तिची स्टेपनी होती. कोरी. एक दिवस चाललेली नाय. भाजीचा सीझन लागला, तो टायर काढायला टाइम नाय भेटला, म्हणून त्याच्या बदल्यात नवा घातला. नवा! चोरी कुठं झाली?"

"नवा, पण कशाचा?" कुंडलिक पायरीवरून उठला. "अरे, मानसाच्या मापाचा टायर तू ओझ्याला लावला. आनि ह्या पोरानं त्यात साठ हवा घातली, मी सांगितली म्हणून. चार दिवस मला झोप नाय. मला वाटलं मीच..." त्यानं मफलर तोंडाला लावला.

"बदलला तो मूर्खपणा म्हणू," सारिका म्हणाली. "पण गुरुवारी खाचरात पहिला तू पोचलास. चाक बघितलंस. तुला तेव्हाच कळलं. आणि तरी लिहून दिलंस, ऐंशी."

"सकुबाईला मीच नेली ना दवाखान्यात?"

"नेलीस. ट्रॉलीच्या टायरवरून."

जाणू कडेवरून हलला. टेम्पोच्या मागच्या चाकापाशी गेला, वाकला, अंगठ्यानं टायर दाबून बघितला.

"ह्यात पन हवा कमी हाय," तो म्हणाला. "पंचेचाळीस असेल. काका, ह्याला किती पायजे?"

सरूनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "घरी चला आता. चोर पकडला का तुमचं गॅरेज सुरू."

एक बाई हसली. वर्षा रडत होती. बैठकीचा विषय वहीत तसाच राहिला, त्यापुढं कुणी काही लिहिलं नाही.

*

फौजदारसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग घड्याळ बघितलं.

"म्हणजे आता दुसरा गुन्हा, नवा पंचनामा, तांत्रिक तपासणीचं पत्र, खोट्या जबाबाचं वेगळं. सारिका, एका टायरसाठी?"

"हो, सर."

"लायसन्स?"

"परत द्यायचं, सर. आज."

"आज नाही होत. पत्र लागेल."

"पत्र मी लिहिलंय, सर. तुमची सही लागेल."

त्यांनी सही केली. पेन चालेना, दोनदा झटकावं लागलं.

अपघाताचे कारण: ~चालकाचा निष्काळजीपणा~ ~चालकाने टायर बदल~ ट्रॉलीच्या डाव्या चाकास मालवाहू टायरऐवजी कारचा टायर परस्पर बसविला. चालकास माहीत नव्हते. चालकाने सांगितल्याप्रमाणे हवा भरली होती.

ओळ चौकटीत मावली नाही. शेवटचे तीन शब्द समासात गेले.

*

बावीस जुलैला पासिंगच्या मैदानात खूप पाऊस होता. दिपेशच्या टेम्पोचे टायर कुणी वाकून पाहिले नाहीत.